डोक्याला मार, धोका छातीला

डोक्याला मार लागलेल्या माणसाचे नातेवाईक सीटी स्कॅनबद्दलच विचारतात: रक्ताची गाठ विरघळेल ना? पण पुढचे दिवस बरेचदा छातीचा एक्स-रे ठरवतो, आणि हे घरच्यांना फार उशिरा कळते.

धोका रस्त्यावरच सुरू होतो. बेशुद्धीत जीभ मागे पडते, ठसका लागत नाही; रक्त, लाळ, उलटी थेट श्वासनलिकेत उतरते. जठरातले आम्ल फुप्फुस जाळते आणि मागाहून जंतूंना फावते. त्यात जमलेली माणसे मायेपोटी जखमीच्या तोंडात पाणी ओततात. बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही. ते पाणीही फुप्फुसात जाऊ शकते. १९७४ साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी शुद्ध मोजण्यासाठी पट्टी दिली; आज तिच्यावर ३ ते १५ गुण मोजतात. आठ किंवा त्याहून कमी गुण असले, की श्वासनलिकेत नळी घालून श्वासमार्ग सुरक्षित करावा, असा आज प्रघात आहे.

दुसरा प्रकार विलक्षण. छातीवर ओरखडाही नसतो, तरी काही मिनिटांत किंवा तासांत फुप्फुसात पाणी भरते, तोंडातून गुलाबी फेस येतो. पहिल्या महायुद्धात आणि पुढे व्हिएतनाममध्ये डोक्याला जखम झालेल्या सैनिकांत डॉक्टरांनी हे पाहिले. कवटीतला दाब एकाएकी वाढला, की ॲड्रेनलिनसारखी द्रव्ये रक्तात उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि फुप्फुसातल्या केशवाहिन्या पाझरू लागतात. मेंदूवरचा दाब आटोक्यात आला, तर हे पाणी अनेकदा एक-दोन दिवसांत ओसरते.

न्यूमोनिया मात्र चिवट. व्हेंटिलेटर लावून ४८ तास उलटल्यावर होणारा न्यूमोनिया हा अतिदक्षता विभागाचा जुना वैरी आहे. आपल्याकडे ॲसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला हे जंतू अनेक प्रतिजैविकांना दाद देत नाहीत. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या चाचणीत मेंदूला इजा झालेल्या रुग्णांना नळी घातल्यावर लवकरच सेफ्ट्रिॲक्सोनचा एकच डोस दिला. सुरुवातीच्या दिवसांतला न्यूमोनिया ३२ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आला. माझ्या मते हा अलीकडचा सर्वांत उपयोगी निष्कर्ष आहे.

औषधाइतकीच मोलाची शुश्रूषा. पलंगाची डोक्याकडची बाजू ३० अंश उचललेली, तोंड स्वच्छ, कफ वेळच्या वेळी ओढलेला. पण सक्शनची नळी आत गेली, की मेंदूवरचा दाबही चढतो. म्हणून परिचारिका आधी भरपूर ऑक्सिजन देते आणि काही सेकंदांतच नळी बाहेर काढते. व्हेंटिलेटरचेही तसेच. फुप्फुसाला जपायला श्वास लहान ठेवावा, तर कार्बन डायऑक्साइड साठतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुगतात. जोरात श्वास द्यावा, तर त्या आवळून मेंदूचे रक्त तुटते. हा तोल वारंवार रक्ततपासणी करून सांभाळावा लागतो. पायातली गुठळी फुप्फुसात जाऊन अडकण्याची भीती वेगळीच.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती: अपघातग्रस्ताला पाणी पाजू नका. १०८ ला फोन करा. उलटी होत असेल, तर डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून, दोघा-तिघांनी मिळून त्याला कुशीवर वळवा.