शिकार नसलेल्या रानासाठी चाकू

घडीचे चाकू विकणारे जगभर एकच मथळा वापरतात: शिकार, मासेमारी आणि भटकंतीसाठी. चंद्रपूरहून ताडोबाकडे निघाल्यावर इरई धरणाच्या जलाशयालगत मोहर्ली गाव लागतं. तिथे हे तीन शब्द एका दमात उच्चारता येत नाहीत. ताडोबाच्या जंगलात शिकारीला १९३५ सालीच बंदी झाली, १९५५ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीचं दार देशभर लावलं. मासेमारी हक्क आणि नियमांच्या चौकटीत आहे. मग उरते ती भटकंती, आणि रानालगतच्या गावांतली रोजची कामं. त्यामुळे चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानासाठी चाकू निवडताना ‘शिकारी चाकू’ ही कल्पनाच आधी बाजूला ठेवायला हवी, असं मला ठामपणे वाटतं. ती गेली की निवड फार सोपी होते: सात-आठ सेंटिमीटरचं पातळ पातं, न गंजणारं पण सहज पाजवता येणारं पोलाद आणि हातात न घसरणारी साधी मूठ.

शिकारी चाकूची घडण पाहिली की हे पटतं. त्याच्या पात्याचं पोट रुंद आणि गोलाई घेतलेलं असतं, कारण त्याने कातडं सोलायचं असतं. काहींच्या पाठीवर आकडी असते, ती जनावराचं पोट फाडण्यासाठी. पाठ जाड असते, सांध्यांमधून पातं फिरवताना ते वाकू नये म्हणून. आपल्याकडे यांतल्या एकाही कामाला जागा नाही. पिकांची नासाडी करणारी रानडुकरं मारायला परवानगी मिळते, मग हा चाकू लागणारच, असं कुणी म्हणेल. पण ती परवानगी अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाने मिळते आणि अशा आदेशाने मारलेलं जनावर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३९ व्या कलमानुसार सरकारची मालमत्ता ठरतं. ते सोलून वाटून घेण्याचा प्रश्नच येत नाही. आदिवासींच्या पारंपरिक हक्कांचा मुद्दा यापेक्षा गंभीर आहे. मात्र २००६ च्या वनहक्क कायद्यानेही तिथे रेघ स्पष्ट ओढली आहे. गौण वनोपज आणि पाणवठ्यातले मासे हक्कात आले, शिकारीचा पारंपरिक हक्क नाव घेऊन वगळला गेला. म्हणजे ज्यांचा रानाशी सगळ्यांत जुना संबंध आहे, त्यांच्याही हातातल्या कायदेशीर चाकूचं काम बांबू, पानं, फळं, दोर आणि मासे एवढंच आहे.

चाकू जवळ बाळगण्याचा कायदाही खरेदीआधी माहीत असावा. वन्यजीव कायद्याने ‘शस्त्र’ कशाला म्हणायचं त्याची यादी दिली आहे. त्या यादीत बंदूक, धनुष्यबाण, विष आणि फासे आहेत, तसे चाकू, गळ आणि जाळीही आहेत. अशा शस्त्रासह लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात जायला ३१ व्या कलमाने मनाई आहे आणि ती राष्ट्रीय उद्यानालाही लागू आहे. पात्याच्या लांबीची सूट तिथे नाही. दोन इंचांचा चाकूही मोहर्लीच्या प्रवेशद्वारातून आत न्यायचा नाही. सफारीला जाताना तो मुक्कामाच्या जागीच ठेवावा. गाडीतून उतरायचं नसतं, झाडाची फांदीही तोडायची नसते, मग आत त्याचं काम तरी काय? जंगलाबाहेर शस्त्र कायद्याचे नियम लागतात. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू, घरगुती आणि शेतीकामाचे वगळता, त्या नियमांत शस्त्र म्हणून मोडतात. खिशातला चाकू या मापांच्या जवळपासही जात नाही. तरी महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली जमावबंदीसारखे आदेश निघाले की त्यात चाकूचा उल्लेख असू शकतो. कळ दाबताच झटक्यात उघडणारा, काळ्या पात्याचा, लढाऊ दिसणारा चाकू नाक्यावरच्या तपासणीत जे प्रश्न उभे करील, ते फळं कापायच्या साध्या चाकूने उभे राहणार नाहीत. दिसणं हासुद्धा निवडीचा एक भाग आहे.

आता पोलाद. चाकूच्या जाहिराती सगळ्यांत जास्त यावरच बोलतात आणि गोंधळही इथेच होतो. कडक पोलादाची धार जास्त टिकते हे खरं आहे, पण या दोन जिल्ह्यांत धार कशावर झिजते ते पाहायला हवं. बांबूच्या बाहेरच्या सालीत सिलिका असते, म्हणजे वाळूचाच घटक, आणि सागाच्या लाकडातही ती सापडते. बांबू आणि साग हेच इथल्या रानाचं मुख्य धन. त्यावर चालवलेलं कुठलंही पातं लवकर बोथटतं. त्यामुळे धार किती दिवस टिकते यापेक्षा ती परत किती लवकर चढते, हे महत्त्वाचं. अतिकडक पोलाद पाजवायला हिऱ्याच्या कणांची पट्टी लागते, शिवाय बांबूच्या पेरावर तिरकं बसलं तर त्याच्या धारेचा कपचा उडतो. रॉकवेल मापावर ५६ च्या आसपास कडकपणा असलेलं पोलाद मात्र गावातल्या कुरुंदाच्या दगडावरही पाच-दहा मिनिटांत ताळ्यावर येतं. स्वित्झर्लंडमधल्या ईबाख गावात १८८४ पासून चाकू बनवणाऱ्या व्हिक्टोरिनॉक्सने आपल्या पात्यांसाठी हाच कडकपणा ठरवला आहे. त्यांना याहून कडक पातं बनवता येत नव्हतं असं नाही. वापरणारा माणूस कारागीर नसतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

दुसरा प्रश्न गंजाचा. जुन्या पद्धतीचं, क्रोमियम नसलेलं कार्बन पोलाद धारेला फार गोड असतं आणि जाणकारांचा त्याच्यावर जीव असतो. तो जीव मला समजतो. पण मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा घामाने ओला झालेला खिसाच त्या पात्याला गंज चढवतो आणि पावसाळ्यात तर ते दिवसाआड पुसून तेल लावावं लागतं. आवळा आणि हिरड्यातलं टॅनिन लोखंडाशी मिळून काळंनिळं होतं, कैरी आणि चिंचेचं आम्ल पातं खातं. हे डाग पात्याला फारसे घातक नसतात, मात्र त्यांची चव फळाला लागते. जेवणाखाण्यासाठीही वापरायच्या चाकूला साधारण १३ टक्के क्रोमियमचं स्टेनलेस पोलादच बरं. इथे मुठीचाही विचार करावा. फ्रान्सच्या सॅव्हॉय भागात १८९० मध्ये जन्मलेला ओपिनेल हा लाकडी मुठीचा चाकू साधेपणाचा उत्तम नमुना आहे. त्याचं पातं उघडं ठेवणारी फिरती कडी १९५५ मध्ये आली, योगायोगाने ताडोबा राष्ट्रीय उद्यानाच्याच वर्षी. पण त्याची लाकडी मूठ पाणी पिऊन फुगते आणि पातं खाचेत अडकून बसतं. इथल्या, म्हणजे झाडीपट्टीच्या, पावसात नायलॉन किंवा तत्सम मूठ कमी देखणी वाटली तरी जास्त उपयोगी.

मासेमारीच्या बाबतीत मी घडीच्या चाकूची शिफारस अर्धीच करीन. या भागाला माजी मालगुजारी तलावांची मोठी परंपरा आहे आणि ढिवर समाजाचं जगणं त्या पाण्याशी बांधलेलं आहे. जाळ्यात गुंतलेलं झुडूप सोडवणं, नायलॉनचा दोरा कापणं, गळ अडकला की तो मोकळा करणं, ही कामं एका हाताने उघडणारा छोटा चाकू झटपट करतो. मासा साफ करणं मात्र त्याचं काम नाही. खवले आणि चिकट द्रव बिजागरीत शिरतात, तिथे सुकतात, वास धरतात आणि पात्याचं बूडही गंजवतात. रोहू-कटला कापायला घरची पावशी, म्हणजे विळी, किंवा सलग पात्याची सुरीच हवी. तिला कुठे खाच नसते, धुतली की ती स्वच्छ होते.

यावर अनुभवी माणूस विचारील की मग घडीचा चाकू घ्यायचाच कशाला, सलग पात्याचाच का नको? त्याचं म्हणणं बळकटपणापुरतं अगदी रास्त आहे. घडीचा चाकू हा मुळात मधोमध मोडलेला चाकू, त्यामुळे बिजागरी हा त्याचा कायमचा दुबळा भाग. पण बळकटपणा लागतो त्या कामांना, म्हणजे बांबू फाडायला, सरपण तोडायला, इथे कोयता आणि कुऱ्हाड आहेतच आणि ती कामं करणारे हात ती अवजारं चांगली ओळखतात. खिशातल्या चाकूने कुऱ्हाडीचं काम करायला गेलं की बिजागरी ढिली होते आणि पातं बोटांवर मिटतं. याच कारणासाठी उघड्या पात्याला अडसर असलेला चाकू घ्यावा असं मी म्हणेन, विशेषतः ओल्या हातांनी काम करणाऱ्यांनी. अडसर असला की माणूस बेफिकीर होतो, ही तक्रार खरी आहे. तरीही अडसर नसल्याने कापलेलं बोट त्या बेफिकिरीहून महाग पडतं.

वाघ-अस्वलापासून संरक्षण म्हणून मोठा चाकू हवा, हा आक्षेप मला सगळ्यांत धोकादायक वाटतो. चंद्रपूर जिल्ह्यात मोहफुलं, तेंदूपत्ता, सरपण गोळा करायला गेलेल्या माणसांवर वाघांचे हल्ले होतात. हे दुःख इथल्या घराघरांना ठाऊक आहे. वाकून काम करणाऱ्या माणसावर वाघ मागून किंवा बाजूने येतो तेव्हा घडीचा चाकू खिशातून काढून उघडायला वेळच नसतो आणि उघडला तरी त्याने काही थांबत नाही. गटाने जाणं, बोलत राहणं, अंधारात न जाणं, वाघाचा वावर कळला की त्या भागात पाऊल न टाकणं, यांनी जीव वाचण्याची शक्यता वाढते. चाकूच्या भरवशावर एकटं जाणारा माणूस ही सावधगिरी सोडून देतो.

दुकानात चाकू हातात आला की आधी पातं उघडून डावी-उजवीकडे हलवून पाहा. किंचितही खेळ असेल तर तो वापराने वाढणारच. अडसर लावून पात्याची पाठ लाकडी फळीवर हलकेच आपटा, तो सुटता कामा नये. मिटवताना पात्याचं टोक मुठीच्या आत पूर्ण जायला हवं, नाहीतर ते खिसा आणि मांडी दोन्ही फाडील. मुठीची खाच दुसऱ्या बाजूने उघडी आहे का तेही पाहा. उघडी असेल तर आत गेलेली माती पाण्याच्या धारेने निघून जाते, बंद असेल तर काडीने कोरत बसावं लागतं. करवत, कात्री, ओपनर यांची गर्दी असेल तर त्यातलं आपण खरंच काय वापरू हे स्वतःला विचारा. मुठीला बिजागरीने जोडलेलं प्रत्येक जास्तीचं अवजार मूठ जाड करतं आणि जाड मूठ घट्ट धरता येत नाही. बिजागरीत महिन्यातून एकदा तेलाचा एक थेंब पुरतो. फळं कापायचा चाकू असेल तर ते तेल खाण्याचं असावं.