काचेतलं आभाळ

भर उन्हात मनगटी घड्याळाचा फोटो बिघडतो तो उजेड जास्त म्हणून नव्हे, तर काचेत आभाळ उमटतं म्हणून. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग समोरून आलेला सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो. महागड्या घड्याळांतली सफायर काच, परावर्तनरोधक लेप नसेल तर, जवळपास ८ टक्के. एक्स्पोजर उतरवून भागत नाही, कारण प्रतिबिंबाबरोबर तबकडीही काळवंडते. मग पोलरायझर फिल्टर का नको? कारण त्याचा खरा गुण दिसतो तो काचेच्या लंबरेषेपासून ५५ ते ६० अंश तिरकं पाहताना. समोरून टिपताना नाही. पोलादी पट्ट्याची चकाकीही त्याने फारशी हटत नाही. म्हणून सावली गाठून, काचेत दिसणाऱ्या आभाळाच्या दिशेला काळा पुठ्ठा धरणं अधिक खात्रीचं.