नाण्याची पारख तिसऱ्याने करावी

जुन्या पेटीतून कलमा असलेला चौकोनी चांदीचा रुपया निघाला की घरात आनंद होतो. ‘अकबर बादशहाच्या वेळचा आहे, लाखाला जाईल’ असे कोणीतरी सांगतो आणि मुलीच्या लग्नाचा हिशोब त्यावर मांडला जातो. असे रुपये घेऊन फिरणारे बांधव आम्ही पाहिले आहेत. पुष्कळदा तो रुपया बादशाही टांकसाळीचा नसतोच. कलमा व चार खलिफांची नावे असलेल्या अकबरी रुपयाच्या नकला पुढे बरकतीसाठी, ताविजासाठी पाडल्या गेल्या. त्यात लबाडी नव्हती. ती नक्कल अस्सल म्हणून विकली जाते तेथे लबाडी सुरू होते.

पण हे सांगायचे कोणी? विकणारा सांगणार नाही. घेणारा भाव पाडण्यासाठी खऱ्यालाही खोटे म्हणेल. म्हणून ज्याला ना विकायचे आहे ना घ्यायचे, अशा जाणकाराचे मत हवे.

ही रीत आपल्याला नवी नाही. ‘आईने अकबरी’त अबुल फजलने टांकसाळीतील सैरफीचे काम वर्णिले आहे, नाण्याची शुद्धता तो ठरवी. बाजारातले सराफही रुपया पारखून त्यावर बारीक ठसा मारीत. (ज्या ठशाने तेव्हा रुपयाची पत वाढे, त्यानेच आज संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते!) अमेरिकेत १९८६ पासून या कामाच्या कंपन्याच चालू झाल्या. नाणे तपासून, ७० पर्यंतच्या मापाने दर्जा ठरवून त्या ते प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून देतात. आता त्या डब्यांच्याही नकला निघाल्या आहेत. शिवाय आपल्याकडे शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते. ते परदेशी पाठविण्याचा विचार कोणी करू नये.

जाणकार आधी वजन पाहतो. मुघल रुपया साधारण साडेअकरा ग्रॅमचा. ओतीव नकलेच्या कडेला जोड दिसते, अंगावर बारीक छिद्रे असतात, अक्षरे बोथट येतात. खरा रुपया हातोड्याने पाडलेला. ठसा चकतीहून मोठा, त्यामुळे मजकूर बहुधा अर्धवट उमटतो. इतके आपले ओतकाम करणारे कारागीरही ओळखतील. पुढचे मात्र फारसी वाचणाऱ्याचे आणि इतिहास जाणणाऱ्याचे काम. औरंगजेबाने कलम्याची बेअदबी होऊ नये म्हणून तो नाण्यांवर घालणे बंद केले. तेव्हा आलमगिरी रुपयावर कलमा दिसला तर भाव विचारण्याआधी थांबावे.

नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० साली नाणेशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली, त्यामुळे या विषयाचे अभ्यासक आपल्या राज्यातच आहेत. मत लेखी घ्यावे, त्यात नाण्याचे वजन आणि दोन्ही बाजूंचे फोटो असावेत. मेहनताना ठरावीक द्यावा. किमतीवर टक्का मागणारा सौद्यात भागीदार झाला.

विरासतीच्या वाटणीत तर हे फारच जरुरीचे. चार भावंडांत एकालाच नाण्यांची समज असते आणि तोच ‘चांदीच्या भावाने मी ठेवतो’ म्हणतो. बहिणींचा हक्क तेथेच बुडतो. विक्रीसाठी ठेवलेल्या नाण्यांची जकातही बाजारभावाने काढायची, तीही अंदाजाने निघत नाही. आणि मत मिळेपर्यंत नाणी राखेने, चिंचेने घासू नयेत. घासलेल्या रुपयाबद्दल जाणकारही अर्धेच सांगू शकतो, आणि गिऱ्हाईक अर्धाही भाव देत नाही.