कढीपत्त्यावरचा बहुरूपी

गावात बहुरूपी आला की पोरांची झुंबड उडते. आज तो हवालदार होतो, उद्या गोसावी, परवा आणखी कुणी. त्याची सारी करामत एका गोष्टीत असते : आपण कोण आहोत हे त्याला पक्के ठाऊक असते आणि समोरच्याला ते ठाऊक नसते. वाचकहो, आज ज्या बहुरूप्याची मी ओळख करून देणार आहे, त्याचा मामला याच्या अगदी उलट आहे. आपण सोंग घेतले आहे याचा त्या बिचाऱ्याला पत्ताच नाही! त्याचा मुक्काम म्हणाल, तर आमच्या छत्रपती संभाजीनगरात गॅलरी-गॅलरीतून ठेवलेल्या कढीपत्त्याच्या कुंडीत.

पाऊस ओसरू लागला, की काळ्या पंखांवर पिवळे ठिपके असलेले एक फुलपाखरू या कुंड्यांभोवती घिरट्या घालते. लिंबू आणि कढीपत्ता ही त्याची आवडती झाडे. म्हणून त्याला लिंबावरचे फुलपाखरू म्हणतात. मादी कोवळ्या पानावर मोहरीपेक्षाही लहान अंडे चिकटवते आणि निघून जाते.

एकदा आमच्या शेजारच्या वहिनी तक्रार घेऊन आल्या. ‘‘भावजी, चिमण्यांनी कढीपत्ता किती घाण केलाय हो! आमटीत पान टाकायची सोय राहिली नाही.’’

मी म्हटले, ‘‘वहिनी, त्या घाणीला जरा काडी लावून पाहा.’’

काडी लागताच घाण हलली! मानेमागून दोन नारिंगी शिंगे बाहेर आली आणि उग्र वास सुटला. वहिनी दोन पावले मागे सरकल्या. पण लगेच त्यांनी जो प्रश्न विचारला, तो मोठमोठ्या पंडितांनी विचारावा असा होता : ‘‘एवढ्याशा किड्याला कळते तरी कसे, की असे दिसले म्हणजे पक्षी खात नाही?’’

उत्तर असे, की त्याला कळत नाही. कळण्याची गरजही नाही. कोणत्याही फुलपाखराच्या शंभर अळ्यांत रंगाचा थोडाथोडा फरक असतोच. हा फरक जनुकांतून, म्हणजे आईबापांकडून आलेल्या वारशातून, येतो. पानावरची उठून दिसणारी अळी बुलबुल आणि शिंपी पक्षी आधी टिपतात. जिच्यावर योगायोगाने पांढरा डाग पडला, ती चुकते, वाढते आणि तो डाग पुढच्या पिढीला देते. साम्य चार आणे असले, तरी घाईतल्या पक्ष्याला चकवायला पुरते. मग पुढच्या पिढ्यांत पाच आणे, सहा आणे, असे करत ते सोळा आण्यांपर्यंत जाते. हे सोंग अळीने रचलेले नाही, ते पक्ष्याच्या नजरेने चाळून काढलेले आहे. डार्विनने 1859 साली मांडलेली नैसर्गिक निवड ती हीच.

पण आमचा बहुरूपी एका सोंगावर थांबत नाही. अळी चार वेळा कात टाकते. शेवटची कात टाकली, की काळी-पांढरी अळी एकदम हिरवीगार होते. कारण उघड आहे : बोटाच्या पेराएवढी विष्ठा कोणती चिमणी टाकणार? आकार वाढला, की जुने सोंग फसवे राहत नाही. या फुलपाखराच्या एका जपानी भावंडावर तिकडच्या शास्त्रज्ञांनी प्रयोग केले. ते 2008 साली प्रसिद्ध झाले. त्यांना असे दिसले, की अळीच्या अंगातील एका संप्रेरकाचे प्रमाण योग्य वेळी उतरले, तरच ती पुढे हिरवी होते. ते संप्रेरक त्या वेळी बाहेरून लावले, तर मोठी झालेली अळीही विष्ठेचाच वेष घेते. म्हणजे दोन्ही वेष एकाच जनुकसंचाच्या पेटीत घडी घालून ठेवलेले असतात. केव्हा कोणता काढायचा, हे संप्रेरक ठरवते.

‘हे सारे तुम्ही पाहिले का?’ असे कुणी विचारील, तर उत्क्रांती चालू असताना पाहिल्याचा दाखला इंग्लंडात आहे. तेथे मिरपूड शिंपडल्यासारखा दिसणारा एक पांढरट पतंग असतो. गिरण्यांच्या धुराने झाडांची खोडे काळवंडली. 1848 साली मँचेस्टरला त्याचा काळा भाऊ प्रथम नोंदला गेला आणि पन्नास वर्षांत तेथे जवळजवळ सगळे पतंग काळे झाले. पुढे हवा स्वच्छ झाली, तसे पांढरे परतले. या बदलाचे गणित 1924 साली जे. बी. एस. हाल्डेन यांनी मांडले. हेच हाल्डेन 1957 साली कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले आणि पुढे भारताचे नागरिक झाले. तो काळा रंग आला कुठून, याचा उलगडा 2016 साली झाला. सुमारे 22 हजार अक्षरांचा एक उडता तुकडा जनुकांच्या लिखाणात भलत्याच जागी जाऊन बसला होता. हा अपघात बहुधा 1819 च्या सुमारास घडला असावा, असा हिशेब आहे. अपघात आंधळा असतो, निवड मात्र डोळस असते. आणि तो डोळा पक्ष्याचा!

आता परत आपल्या गावी येऊ. विद्यापीठामागच्या लेण्यांच्या डोंगरावर, नाहीतर अंगणातल्या पालापाचोळ्यात, संध्याकाळी उडणारे एक तपकिरी फुलपाखरू दिसते. पावसाळ्यात त्याच्या पंखांच्या खालच्या बाजूला ठळक डोळे असतात. पक्षी त्या डोळ्यांवर चोच मारतो. पंख फाटतो, पण जीव वाचतो. पाऊस सरल्यावरच्या पिढीत डोळे जवळजवळ नाहीसे होतात आणि पंख हुबेहूब वाळक्या पानासारखे होतात. जनुके तीच, अळी वाढत असताना हवामान कसे होते, त्यावरून वेष ठरतो. म्हणजे पुढे कोणता ऋतू येणार, याचा अंदाज अळी आजच्या हवेवरून बांधते. हा अंदाज लाखो पावसाळ्यांच्या अनुभवावर बसलेला आहे. पाऊस आणि हवामान यांचा जुना मेळच विसकटला, तर हिरव्या गवतात वाळके पान उठून दिसेल, आणि उठून दिसणे म्हणजे मरण!

येथेच आपला संबंध येतो. सोंग पार्श्वभूमीवर अवलंबून असते आणि ती पार्श्वभूमी आपल्या हातात आहे. दिवाळीच्या साफसफाईत आपण कोपऱ्यातला पाचोळा पेटवतो; त्यातली सगळीच पाने पाने नसतात. कढीपत्त्यावर औषधाचा फवारा मारतो. ज्या अळीला पक्ष्याची तीक्ष्ण नजर सापडवू शकली नाही, ती त्यात मरते, आणि तेच औषध पानांबरोबर आपल्या फोडणीत उतरते.

लहान झाडाची पाने अळ्या फस्त करतात, हे खरे. त्यावर माझा उपाय सोपा आहे : कढीपत्त्याच्या कुंड्या दोन ठेवाव्या. एक आमटीसाठी, एक पाहुण्यांसाठी. आमटीच्या कुंडीवर अळी दिसली, तर पानासकट उचलून दुसरीवर ठेवावी. पाचोळा जाळण्याऐवजी झाडाच्या बुंध्याशी लोटावा. मुलांना मात्र कामाला लावावे : अळी रोज शोधायची, ती कधी हिरवी झाली याची तारीख लिहायची, कोश हिरवा झाला की तपकिरी, तो हिरव्या डहाळीवर होता की वाळक्या काडीवर, याची नोंद करायची. चार-सहा कोश पाहिले, की रंगाचे आणि जागेचे नाते मुले आपणहून सांगतील. पुस्तकातली उत्क्रांती मग त्यांना पाठ करावी लागणार नाही.