अ‍ॅनाकोस्टियाच्या पात्रात पहिले वल्हे

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे पोटोमॅकला मिळणाऱ्या अ‍ॅनाकोस्टिया नदीच्या पूर्वेस प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची वस्ती असून, तेथील मुलांच्या कित्येक पिढ्या नदीकाठी राहूनही नदीला पारख्या राहिल्या. याचे कारण त्यांच्या आवडीनिवडीत शोधणे अन्यायाचे ठरेल; ते वर्णभेदाच्या इतिहासात आहे. शिकागोत १९१९ साली मिशिगन सरोवरात पोहताना गोऱ्यांच्या मानल्या गेलेल्या किनाऱ्याजवळ गेलेला यूजीन विल्यम्स हा सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा दगडफेकीमुळे बुडाला आणि त्यानंतरच्या दंगलीत ३८ जण मारले गेले. अ‍ॅनाकोस्टियाच्या जलतरण तलावावर कृष्णवर्णीय मुले १९४९ मध्ये पोहायला आली, तेव्हाही दंगल उसळली. ज्यांना पोहणे शिकूच दिले नाही, त्या आईबापांनी मुलांना पाण्यापासून जपले, यात नवल नाही. परंतु त्याची किंमत जबर आहे, कारण दहा ते चौदा वर्षे वयोगटात जलतरण तलावात बुडून मरण्याचे प्रमाण गोऱ्या मुलांच्या तुलनेत कृष्णवर्णीय मुलांमध्ये सातपटींहून अधिक आढळले आहे.

नदीचीही उपेक्षाच झाली. काठावरच्या केनिलवर्थ येथे शहराचा कचरा वर्षानुवर्षे उघड्यावर जाळला जाई. शिवाय मैला आणि पावसाचे पाणी एकाच नळातून वाहून नेणारी जुनी गटारे जोराच्या पावसात नदीत ओसंडत. १९७१ पासून शहराच्या हद्दीत नदीत पोहण्यास बंदी आली. तरीही १९४५ मध्ये स्थापन झालेल्या ‘सीफेअरर्स’ या कृष्णवर्णीयांच्या नौका मंडळाने नदी सोडली नाही, उलट १९८५ पासून दरवर्षी तिची सफाई हाती घेतली. पुढे १९९०च्या दशकात ‘अर्थ कॉन्झर्व्हेशन कोअर’ या संस्थेतील वस्तीतल्याच तरुणांनी पांढऱ्या डोक्याचे गरुड येथे पुन्हा आणून वाढवले, ही घटना विशेष मोलाची आहे; ज्यांना नदीचे कोणीच मानले गेले नव्हते, तेच तिचे पालक झाले.

याच नदीवर आता वस्तीतल्या विद्यार्थ्यांना कनू, म्हणजे वल्ह्याने हाकायची निमुळती होडी, शिकवताना घाई करून चालत नाही. आधी तरंगते जाकीट अंगावर आवळून ते खांद्यांपाशी वर ओढून पाहतात. ते हनुवटीपर्यंत सरकले, तर पट्टे पुन्हा कसावे लागतात. होडीत वाकून, मधोमध पाय ठेवून बसायचे, कारण भार जितका खाली, तितकी होडी स्थिर. पोहता न येणारे मूलही या तयारीने सुरक्षितपणे नदीवर जाऊ शकते. मात्र पोहणे शिकवण्याची जबाबदारी त्याने संपत नाही, आणि पोहू न शकणाऱ्या पालकांची मुलेही बहुधा पोहायला शिकत नसल्यामुळे पोहण्याचे वर्ग पालकांसाठीही खुले ठेवणे आवश्यक आहे.