चित्रपट तोच, डबा वेगळा

एकच चित्रपट, तीच डिस्क, तीच किंमत किंवा थोडी जास्त. पण वेष्टन असे की ते एकाच दुकानात मिळावे. घरी पाहण्याच्या चित्रपटांच्या धंद्यात याला ‘स्टोअर एक्स्क्लुझिव्ह’ म्हणतात. अमेरिकेत बेस्ट बाय, टार्गेट आणि वॉलमार्ट, ब्रिटनमध्ये झावी आणि एचएमव्ही या दुकानांनी ही पद्धत रुळवली. निर्माती कंपनी सर्वांना एकच डिस्क पुरवते. एखादे दुकान ठरावीक नगांची हमी घेते आणि त्या बदल्यात मुखपृष्ठाचे खास चित्र किंवा वेगळा डबा फक्त त्याच्या नावावर राहतो. गिऱ्हाइकाने नेहमीचे दुकान सोडून आपल्याकडे यावे, एवढाच मूळ हेतू. डिस्क सगळीकडे सारखीच असल्यावर दुकानदाराला मिरवायला डब्याशिवाय उरतेच काय?

या डब्यांत सर्वांत मानाचा पत्र्याचा. ‘स्टीलबुक’ हे त्याचे नाव स्कॅनावो या डॅनिश कंपनीची व्यापारमुद्रा आहे. पातळ पत्र्यावर थेट छपाई केलेली असते, एखादा भाग उठावाचा, एखादा फक्त चकचकीत. आत डिस्क अडकवायचा प्लास्टिकचा साचा असतो. पुढून-मागून एकही अक्षर नसलेले चित्र हे त्याचे खरे आकर्षण. मग किंमत, कालावधी, ध्वनीचा तपशील आणि कायद्याचा मजकूर कुठे जातो? तो एका सुट्या कागदावर छापून डब्याच्या पाठीला लावतात. शौकीन तो कागद अलगद सोडवून आत जपून ठेवतात. पत्र्याला पोचा पडला की किंमत उतरते, म्हणून पारदर्शक प्लास्टिकची खोळही वर चढवली जाते. दक्षिण कोरियातील नोव्हा मीडिया, प्लेन आर्काइव्ह यांसारख्या लहान संस्थांनी हा प्रकार आणखी पुढे नेला. त्यांच्या आवृत्त्यांत पत्र्याच्या डब्यावर जाड पुठ्ठ्याचे बाह्यवेष्टन, आत छायाचित्रे आणि प्रत्येक प्रतीवर क्रमांक असतो. प्रती मोजक्याच निघतात. संपल्या की भाव फेरविक्रीवाला ठरवतो.

भारतात हे चित्र जवळजवळ उलटे होते, आणि हिंगोलीसारख्या जिल्ह्यात ते जास्त स्पष्ट दिसते. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा व्हीसीडीच्या भरभराटीच्या काळातच जन्मला. एका व्हीसीडीत साधारण 74 ते 80 मिनिटांचाच मजकूर मावतो, त्यामुळे हिंदी-मराठी चित्रपटाला दोन, क्वचित तीन तबकड्या लागत. ऐन गाण्यात किंवा मारामारीत उठून डिस्क बदलावी लागे. वसमत, कळमनुरी, सेनगावसारख्या तालुक्यांच्या गावी चित्रपट येई तो कॅसेट-सीडीच्या छोट्या दुकानांतून, विकत किंवा भाड्याने. तिथे वेष्टनाकडून कौतुकाची अपेक्षा नव्हती. नायक-नायिका ओळखू यावेत आणि किंमत दिसावी, इतके पुरे.

शिवाय भारतीय कव्हरला एक जबाबदारी होती. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1984 साली कलम 52अ आले. त्यानुसार व्हिडिओ चित्रपटाच्या वेष्टनावर सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत, चित्रफीत काढणाऱ्याचे नाव-पत्ता, परवाना घेतल्याचे निवेदन आणि हक्कधारकाचे नाव-पत्ता देणे बंधनकारक झाले. म्हणून आपल्याकडील डीव्हीडीची पाठ उलटली की बारीक अक्षरांची दाटी दिसते. चोरट्या प्रतीपासून खरी प्रत वेगळी ओळखण्याची ती खूण होती. अर्थात, झेरॉक्स मारलेल्या कव्हरवरही ती जशीच्या तशी उमटे!

खरी उलथापालथ किमतीने केली. तोवर अधिकृत डीव्हीडीला काही शे रुपये मोजावे लागत. कोऱ्या डिस्क बनवणाऱ्या मोझर बेअर या कंपनीने घरगुती चित्रपटांच्या व्यवसायात उतरून व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना आणली, मराठीसह अनेक भाषांत. चोरट्या डिस्कशी तिच्याच भावात टक्कर द्यायची, हा त्यामागचा हिशेब. त्या भावात पत्र्याचा डबा सोडाच, जाड प्लास्टिकची पेटीही परवडणारी नव्हती. एका दुकानापुरते कव्हर छापणे तर या गणितात बसतच नव्हते, कारण माल जितक्या जास्त टपऱ्यांवर लटकेल तितके कंपनीला हवेच होते. हा डाव फार टिकला नाही. लोक इंटरनेटकडे वळले आणि 2018 मध्ये कंपनी अवसायनात गेली.

दुकानांच्या साखळ्या मात्र आपल्याकडेही होत्या. म्युझिक वर्ल्ड, लँडमार्क, प्लॅनेट एम ही त्यांतली नावे. यातील प्लॅनेट एम 2007 मध्ये टाइम्स समूहाकडून व्हिडिओकॉनने घेतली. औरंगाबादेत वाढलेल्या, मराठवाड्याच्या या उद्योगाकडे टीव्ही होता आणि आता टीव्हीवर पाहायच्या डिस्कचे दुकानही आले. पण अशा साखळ्यांचा जीव मोठ्या शहरांत होता. हिंगोलीच्या गिऱ्हाइकासाठी त्या नांदेडच्याही पलीकडच्या. मुंबईच्या काळा घोड्यावरील रिदम हाउससारखे नामांकित दुकानही 2016 मध्ये बंद झाले.

परदेशात दुकाने हटली तरी डबे राहिले. झावीची ब्रिटनमधील दुकाने 2009 मध्ये बंद पडली. नाव मात्र ऑनलाइन विक्रीसाठी विकत घेतले गेले आणि पुढे पत्र्याच्या खास डब्यांमुळेच ते शौकिनांच्या तोंडी बसले. बेस्ट बायने 2024 च्या सुरुवातीला डिस्कची विक्रीच थांबवली.

आज हिंगोलीतून असा डबा मागवायचा झाला तर तो बहुधा परदेशातूनच येणार, आणि तिथे प्रदेश-कोड आडवा येतो. ब्लू-रेसाठी भारत ‘सी’ विभागात, ब्रिटन ‘बी’त, तर अमेरिका आणि कोरिया ‘ए’त मोडतात. डीव्हीडीत भारताचा क्रमांक 5 आहे, अमेरिकेचा 1. डिस्क कोडबद्ध असेल तर इथल्या साध्या प्लेअरवर ती चालत नाही. 4के अल्ट्रा एचडी डिस्कला प्रदेश-कोड नसतो. मात्र त्याच डब्यात साधी ब्लू-रे जोडीला असेल, तर तिचा विभाग वेगळा तपासून घ्यावा लागतो.