मायनस नंबर आणि दिवसाचा उजेड

मुलाला मायनस नंबर लागला की घरोघरी दोष जातो तो मोबाइलला, टीव्हीला, नाहीतर लोळत वाचण्याला. चष्मा आणल्यावरही ‘सारखा लावू नकोस, नंबर वाढेल’ अशी ताकीद मिळतेच. या समजुती तपासायला हव्यात, कारण त्यांपायी वाढत्या वयातली मोलाची वर्षं हातची जातात.

लांबचं अंधुक का दिसतं, हे योहानेस केप्लरनं १६०४ मध्ये सांगितलं. अशा डोळ्यात दूरवरून आलेले किरण दृष्टिपटलाच्या अलीकडेच एकत्र येतात. अंतर्वक्र भिंग ते आधी थोडे फाकवतं, मग ते नेमके पटलावर जुळतात. इटलीतले कारागीर असे चष्मे पंधराव्या शतकातच करत होते. त्यामागचं शास्त्र नंतर उलगडलं.

मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर लांब असतो. ही लांबी एका मिलिमीटरनं वाढली तरी अडीच-तीन नंबर लागतो. मग डोळा लांबतो कशानं? आनुवंशिकता आहेच, आई-वडील दोघांना चष्मा असेल तर मुलाला धोका जास्त. पण तेवढ्यावर भागत नाही. १९७७ मध्ये विझेल आणि राव्हिओला यांनी माकडांच्या पिल्लांच्या पापण्या शिवून ठेवल्या, तेव्हा बंद डोळा लांबत गेला. म्हणजे डोळ्याची वाढ त्याला काय दिसतं यावरही ठरते.

मला सर्वांत बोलका वाटतो तो २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला सिडनी आणि सिंगापूरचा अभ्यास. दोन्हीकडची मुलं चिनी वंशाची, वय सहा-सात वर्षं. चष्मा असलेल्या पालकांचं प्रमाणही जवळपास सारखं. तरी मायनस नंबर सिंगापुरात २९.१ टक्के मुलांना, सिडनीत अवघ्या ३.३ टक्के. पुस्तकं उलट सिडनीची मुलं जास्त वाचत होती! पण ती आठवड्याला पावणेचौदा तास उघड्यावर असायची, सिंगापूरची जेमतेम तीन. भर उजेडात दृष्टिपटलात डोपामिन जास्त स्रवतं आणि ते डोळ्याच्या लांबण्याला आवर घालतं, असं संशोधक मानतात. पुढे चीनमधल्या ग्वांगझूच्या शाळांत रोज ४० मिनिटांचा मैदानी तास वाढवला. तीन वर्षांत नव्यानं नंबर लागण्याचं प्रमाण तिथे ३०.४ टक्के राहिलं. एरवीच्या शाळांत ते ३९.५ होतं.

राहिला चष्मा. मुद्दाम कमी नंबर देऊन २००२ मध्ये मलेशियात पाहिलं, तर अशा मुलांचा नंबर उलट जास्त वेगानं वाढला. म्हणून चष्मा पूर्ण नंबरचाच हवा. मात्र साध्या भिंगानं डोळ्याची लांबी कमी होत नाही. नंबर उणे सहाच्या पुढे गेला की पटल सुटण्याचा धोका चष्मा लावूनही उरतो. नंबराची वाढ मंदावणारी खास भिंगं आणि अट्रोपिनचे सौम्य थेंब आता उपलब्ध आहेत. त्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

उजेडाचा खरा उपयोग नंबर लागण्याआधी होतो. म्हणून शिक्षक-पालकांना कळकळीची विनंती: अभ्यासाच्या तासासाठी खेळाचा तास कापू नका.